गुम्मिडिपूंडीतले घर, विट्याकडची शेती आणि आईचा वाटा

चेन्नईहून उत्तरेकडे जाणारी लोकल सुमारे ४५ किलोमीटरवर गुम्मिडिपूंडीला पोचते. पुढे आरंबाक्कम, आणि ते ओलांडले की आंध्र प्रदेश. तमिळनाडू सरकारच्या सिपकॉट या महामंडळाच्या औद्योगिक वसाहतीमुळे दूरदूरची माणसे या सरहद्दीवरच्या गावात येऊन राहिली. मराठी माणसाची तमिळ मुलखाकडची वाट तर तंजावरच्या भोसल्यांपासूनची. आज त्या वाटेवर भेटतात ती सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली गलाई मंडळी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करून देणारे कारागीर.

अशा एका कुटुंबाची कल्पना करू. कर्ता माणूस गेला. मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी. गुम्मिडिपूंडीत घर आणि भट्टीचे दुकान, त्याच भागात विट्याजवळच्या गावी चार एकर शेती. तेराव्यानंतर मुलगे विचारतात, "आता पुढे काय करायचे?" आपल्या ओळखीत कुणावर ही वेळ आली असेल, तर पुढची वाट टप्प्याटप्प्याने पाहू. हे नियम हिंदू कुटुंबांचे आहेत. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचा वारसा वेगळ्या कायद्याने ठरतो.

बहुतेक घरांत सुरुवातच उलटी होते. कुणी घर घ्यायचे, कुणी दुकान चालवायचे, हे आधी ठरते आणि वारस नंतर मोजले जातात. आपण आधी माणसे मोजावीत, मग मिळकत, मग वाटे.

माणसे मोजताना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा पाहावा लागतो. त्यात पहिल्या वर्गाचे वारस सांगितले आहेत. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई यांना एकेक सारखा वाटा मिळतो. मुलीचे लग्न झाले आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. एखादा मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल, तर त्या शाखेला मिळून एक वाटा जातो. मुलाच्या शाखेत त्याची विधवा आणि मुले येतात. मुलीच्या शाखेत फक्त तिची मुले येतात, जावई नाही.

इथे विसरली जाते ती गावी राहणारी आजी, म्हणजे गेलेल्या माणसाची आई. वडील पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. आपल्या उदाहरणात ती हयात असेल तर वाटे चार नव्हे, पाच. तिला वगळून वाटणीपत्र केले आणि नंतर तीही वारली, तर तिच्या पाचव्या हिश्श्यात तिची इतर मुलेमुली, म्हणजे काका-आत्याही, वाटेकरी होतात. दहा वर्षांनी घर विकायला काढले की हा हिस्सा वर येतो आणि व्यवहार अडतो.

एकाला दोन पत्नी असतील, तर? तंजावरचा शेवटचा राजा शिवाजी १८५५ साली पुत्र नसताना वारला. ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर त्याची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला, पण तो प्रिव्ही कौन्सिल या त्या काळच्या सर्वोच्च न्यायपीठाने १८५९ साली फेटाळला. सरकारने खाजगी मालमत्ता १८६२ साली परत केली आणि मग राण्याराण्यांत वाद लागला. मद्रास उच्च न्यायालयाने १८६८ साली ठरवले की सर्व विधवा मिळून, एकत्रितपणे मालमत्ता धारण करतात. आजच्या कायद्यातही विधवा एकापेक्षा जास्त असल्या तर सगळ्यांना मिळून एकच वाटा आहे. मात्र १९५५ च्या विवाह कायद्यानंतर पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न मुळातच अवैध ठरते. त्यामुळे दुसरीला विधवा म्हणून हक्क नाही. तिच्या मुलांना मात्र आईवडिलांच्या मिळकतीत वाटा आहे, आणि १ सप्टेंबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पक्के केले. अशी मुले असतील तर ती लपवू नका. त्यांना वगळून केलेली वाटणी पुढे उलटवता येते.

माणसे मोजून झाली की कागद हवा. तमिळनाडूत त्याला वारिसु सान्रिदळ म्हणतात, म्हणजे वारसांचा दाखला. 'वारिसु' हा शब्द आपल्याला परका वाटायचे कारण नाही, तो आपला 'वारस'च. मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या तहसीलदाराकडे, इ-सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. गावचा महसूल अधिकारी आणि महसूल निरीक्षक चौकशी करतात, मग दाखला निघतो. हा दाखला फक्त वारस कोण ते सांगतो, कुणाला किती ते सांगत नाही. त्यात कधी वडिलांचेही नाव येते. म्हणून दाखल्यातल्या नावांवरून वाटे पाडू नयेत.

या टप्प्यावर अडचण येते ती नावाची. तमिळ पद्धतीत आडनाव नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर पुढे लागते. शिवाय तमिळ लिपीत 'क' आणि 'ग' यांना एकच अक्षर आहे. सातबारावरचा 'गणपत' इथल्या कागदावर तमिळमध्ये लिहिला गेला आणि तिथून पुन्हा रोमन लिपीत उतरला, की 'कणपत' होऊ शकतो. आडनाव तर गळालेलेच असते. मग गावचा तलाठी विचारतो, "हा माणूस तोच कशावरून?" मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्या वेळीच आधार कार्ड आणि सातबारा समोर ठेवून नाव अक्षरशः जुळवून घ्यावे. चूक राहून गेली असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते.

आता मिळकत. इथल्या घरासाठी तीन कागद बघा. पहिला मूळ खरेदीखत. दुसरा पट्टा, म्हणजे जमीन कुणाच्या नावे आहे हे सांगणारा महसुली उतारा, साधारण आपल्या सातबारासारखा. तिसरा विल्लंगम दाखला. या जागेवर कोणते गहाण, कोणती विक्री, कोणता बोजा नोंदलेला आहे, हे तो सांगतो आणि दुय्यम निबंधकाकडून मिळतो. निदान तीस वर्षांचा काढावा.

पट्टाच नसेल, तर जागा पुरम्बोक्कु तर नाही ना, हे पाहा. पुरम्बोक्कु म्हणजे सरकारी पडीक किंवा तळ्याकाठची जमीन. अशा जागेवर पिढ्यान्‌पिढ्या घर असले, वीजबिल भरलेले असले, तरी ती मालकीची होत नाही. तिचा वाटा देणारा भाऊ दुसऱ्याला प्रत्यक्षात काहीच देत नाही.

भट्टीच्या दुकानाबाबत एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गाळायला आलेले सोने गिऱ्हाइकाचे असते. कपाटातली प्रत्येक पुडी वहीतल्या नोंदीशी ताडून, ज्याची त्याला पावती घेऊन परत करावी, आणि ते वाटणीच्या आधी. कर्जाचेही तसेच. गेलेल्या माणसाची देणी त्याच्या मिळकतीतून आधी फेडायची, उरेल ते वाटायचे. वारसाला स्वतःच्या खिशातून त्यापुढे काही भरावे लागत नाही. मात्र मिळकत घेऊन देणी टाळता येत नाहीत.

बँकेतल्या आणि विम्याच्या पैशांबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले, पैसे त्याचेच, असे लोक धरून चालतात. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितले की नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही; मात्र विमा कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांचा हक्क वेगळा ठरू शकतो. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरून झालेल्या खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असेच ठरले. बँकेत थोरल्याचे नाव नॉमिनी म्हणून असेल, तर त्याने रक्कम उचलावी आणि वारसांत वाटावी.

आता सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा. मिळकतीचे दोन ढीग करायचे. एक स्वकष्टार्जित, म्हणजे स्वतःच्या कमाईचा. दुसरा वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाचा, ज्यात जन्मानेच हक्क येतो. वर सांगितलेला सारख्या वाट्यांचा हिशेब थेट लागतो तो पहिल्या ढिगाला. गुम्मिडिपूंडीतले घर त्या माणसाने स्वतःच्या कमाईतून घेतले असेल, तर ते या ढिगात.

आजोबांकडून आले ते सगळे वडिलोपार्जित, असे आपण बोलताना म्हणतो. कायदा तसे म्हणत नाही. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन, आजोबा १९५६ नंतर वारले म्हणून वडिलांकडे वारसाने आली असेल, तर ती वडिलांची वैयक्तिक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली हे स्पष्ट केले. त्यामुळे गावच्या चार एकरांचा जुना फेरफार, म्हणजे नावबदलाची महसुली नोंद, काढून ती कुणाकडून, केव्हा आणि कशी आली ते पाहावे लागते.

ती खरोखर एकत्र कुटुंबाची निघाली, तर वाटे कसे पडतात ते सांगलीच्याच एका खटल्यातून समजते. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या न्यायालयात दावा लावला आणि चोवीसांपैकी सात भाग मागितले. एका मुलाला तो मान्य नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी हिराबाईंचा हिशेब बरोबर ठरवला.

तो हिशेब पाटीवर मांडावा इतका स्वच्छ आहे. खंडाप्पा गेले त्या क्षणाच्या आधी कुटुंबात वाटणी झाली, असे धरायचे. याला काल्पनिक वाटणी म्हणतात. महाराष्ट्राच्या रूढीत बाप-लेकांची वाटणी झाली की आईला मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणून खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे असे चार भाग. हिराबाईंना त्यातला पाव. मग खंडाप्पांचा पाव भाग सहा वारसांत, प्रत्येकी चोविसावा. हिराबाईंचे झाले पाव अधिक चोविसावा, म्हणजे ७/२४. मुलींच्या पदरात मात्र फक्त चोविसावाच पडला.

पुढे मुलींचे हे उणे भरून निघाले. तमिळनाडूने १९८९ साली आणि महाराष्ट्राने १९९४ साली, त्या त्या तारखेआधी लग्न न झालेल्या मुलींना जन्महक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने तो देशभर सगळ्याच मुलींना दिला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्के झाले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यामुळे उलटत नाहीत.

मगदूमांचेच कुटुंब आज धरा. महाराष्ट्राच्या रूढीने काल्पनिक वाटणीत बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली असे सात भाग. बापाचा सातवा भाग सहा जणांत वाटला, की प्रत्येकाकडे सातवा अधिक बेचाळिसावा, म्हणजे बरोबर एक षष्ठांश. आई, मुलगे, मुली सगळे सारखे.

हेच कुटुंब मूळचे तमिळ असते तर? जुन्या मद्रास प्रांताच्या रूढीत, जिला द्रविड शाखा म्हणतात, वाटणीत स्त्रीला पत्नी किंवा आई म्हणून हिस्सा देण्याची चाल केव्हाच बंद पडली. तिथे बाप आणि पाच मुले असे सहाच भाग. बापाचा सहावा भाग सहा जणांत. प्रत्येक मुलाला, मुलीला ७/३६, आणि आईला १/३६. एका रूढीत सहावा हिस्सा, दुसरीत छत्तिसावा.

मग गुम्मिडिपूंडीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला कोणती रूढी? याचे उत्तर जुने आहे. महाराष्ट्रातून मध्य प्रांतात गेलेल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या, बळवंतराव विरुद्ध बाजीराव या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२० साली सांगितले की स्थलांतर करणारे कुटुंब आपला कायदा बरोबर घेऊन जाते. त्याने तो सोडून नव्या मुलखाची रूढी स्वीकारली, असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. म्हणून इथला वकील सवयीने द्रविड शाखेचा हिशेब मांडत असेल, तर आपण त्याला नम्रपणे थांबवावे आणि कुटुंब मूळचे कुठले, ते सांगावे. गावचे उतारे, मराठी लग्नपत्रिका, कुलदैवताचे गाव, सणवार, सोयरीक हे सगळे तिथे पुरावा म्हणून कामी येते. मगदूमांसारख्या कुटुंबात या एका वाक्यामुळे आईचा हिस्सा सहापट होतो.

वाटे कळले, आता कागद. सगळे जण मिळकत प्रत्यक्ष वाटून घेणार असतील तर वाटणीपत्र. तमिळमध्ये त्याला भागप्पिरिविनै म्हणतात. एखादा वारस आपला हिस्सा दुसऱ्या वारसाला सोडणार असेल तर हक्कसोडपत्र, तमिळमध्ये विडुदलै पत्तिरम. स्थावराचे हे दोन्ही दस्त नोंदवावेच लागतात, आणि सही केल्यापासून चार महिन्यांत. कुटुंबातल्या कुटुंबात मुद्रांक शुल्काला सवलत असते. दर बदलतात, म्हणून त्या आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्या. इथल्या घरासाठी इथे आणि गावच्या शेतीसाठी तिथे, असे दोन वेगळे दस्त करावेत. ज्याला प्रवास झेपत नाही, त्याने राहत्या ठिकाणच्या निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून द्यावे.

शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून, चार पंचांच्या सह्या घेऊन ठेवलेली वाटणी खूप घरांत सापडते. तिच्यावर स्थावराची मालकी उभी राहत नाही. वडील हयात असताना, लग्नाच्या वेळी मुलीकडून घेतलेली हक्कसोडही अशीच. पुढे वारसाने मिळेल अशी आशा कायद्याने कुणाला देता येत नाही आणि सोडताही येत नाही. वारसांत कुणी अज्ञान असेल, तर त्याच्या वाट्याची स्थावर मिळकत आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा सोडता येत नाही.

एखाद्या भावाला आपला वाटा बाहेरच्याला विकायचा असेल, तर बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. १९५६ च्या कायद्याच्या २२ व्या कलमात तो आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. भट्टीच्या दुकानासारख्या चालू धंद्यालाही तो लागू होतो.

दस्त झाला म्हणजे काम संपले, असे समजू नये. गुम्मिडिपूंडी तालुका कार्यालयात पट्टा नव्या नावांवर करून घ्यावा. जागा प्रत्यक्ष विभागली असेल तर मोजणी करून उटपिरिवु, म्हणजे आपल्याकडचा पोटहिस्सा, पाडून घ्यावा. गावी वारसनोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज करावा, आता तो इ-हक्क प्रणालीवरूनही करता येतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. महाराष्ट्रात तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहे, त्यामुळे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे वाटणीतही पाडता येत नाहीत. तेव्हा जमीन एकाने ठेवावी आणि दुसऱ्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यावेत.

शेवटची गोष्ट आईच्या सहीची. ती मुलांसाठी आपला हिस्सा सोडू शकते. १९५६ पासून विधवेला मिळालेला वाटा पूर्ण तिच्या मालकीचा आहे, विकायचा, ठेवायचा किंवा द्यायचा. पण इथला दस्त तमिळमध्ये असतो. चाळीस वर्षे गुम्मिडिपूंडीत काढलेली बाई बाजारात तमिळ बोलते, म्हणून तिला तमिळ वाचता येतेच असे नाही. मुलगा "इथे अंगठा कर" म्हणतो आणि ती करते. सही करण्याच्या आदल्या दिवशी, घरी, मुलीच्या देखत, तो दस्त ओळीओळीने मराठीत वाचून दाखवा. तिच्या वाट्याला किती येते आणि ती किती सोडते आहे, हे आकड्यांत सांगा, आणि घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क कागदावर लिहिला आहे का, ते तिला स्वतः विचारू द्या.